परसातलं घर, बँकेचा पैसा

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले की हल्ली अमेरिकेतला जो तो मराठी माणूस बॅकयार्डात एडीयू बांधायला निघालाय, आणि मग काय, मेलचा नुसता पाऊस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एडीयू म्हणजे मूळ घराच्याच प्लॉटवर स्वतःचं किचन, बाथरूम आणि वेगळं दार असलेलं छोटं घर, कोणी ग्रॅनी फ्लॅट म्हणतं, कोणी इन-लॉ युनिट. डिझाइनचे प्रश्न मी बाजूला ठेवलेत, त्यातलं मला काही कळत नाही. पण बरीच वर्षं मॉर्गेज अंडररायटिंगमध्ये, म्हणजे गृहकर्जाचे अर्ज तपासण्यात, काढल्यामुळे कर्जाचं बोलू शकते, तर आज फक्त तेच. आधी तुमचा प्रश्न, खाली माझं उत्तर.

ताई, आम्ही सॅक्रामेंटोजवळ राहतो. २०२१ च्या सुरुवातीला रिफायनान्स केलं, ३० वर्षं फिक्स्ड, पावणेतीन टक्के. अजून ४ लाख २० हजार डॉलर बाकी आहेत आणि घर आज साधारण ९ लाखाला जाईल. आईबाबा दरवर्षी सहा महिने येतात म्हणून मागे छोटं घर बांधायचंय, खर्च २ लाख धरलाय. लोन ऑफिसर म्हणतो कॅश-आउट रिफायनान्स करा, साडेसहा टक्क्यांनी देतो, हेलॉक, म्हणजे घर तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज, घेतलंत तर साडेआठ पडेल. साडेसहा स्वस्त ना?

नाही हो, अजिबात नाही, आणि हा प्रश्न मला एकट्या तुमचाच नाही तर अजून सहा जणांचा आलाय म्हणून जरा सविस्तर सांगते. कॅश-आउट रिफायनान्स म्हणजे जुनं कर्ज फेडून टाकायचं आणि त्याच्या जागी मोठं नवीन घ्यायचं. म्हणजे साडेसहा टक्के तुम्ही फक्त नवीन २ लाखांवर नाही भरणार, जुन्या ४ लाख २० हजारांवर पण भरणार, जे आज बिचारे पावणेतीन टक्क्यांवर गपगुमान पडलेत. आता कागद घ्या. कॅश-आउटमध्ये ६ लाख २० हजारांवर साडेसहा टक्के, पहिल्या वर्षाचं व्याज ढोबळमानाने ४०,३०० डॉलर. जुनं कर्ज तसंच ठेवून वर हेलॉक काढलं तर जुन्यावर ११,५५० आणि नवीनवर १७,०००, मिळून २८,५५०. फरक पावणेबारा हजारांचा, एका वर्षाला! उलटीकडून बघा, आज जुन्यावर तुम्ही ११,५५० भरता ते कॅश-आउट केल्यावर ४०,३०० होणार, म्हणजे त्या २ लाखांपायी २८,७५० जास्तीचे, म्हणजे तुमच्या त्या "स्वस्त" पैशाचा खरा दर झाला सव्वाचौदा टक्क्यांच्याही वर. क्लोजिंग कॉस्ट, म्हणजे नवीन कर्ज करतानाचा फी वगैरे खर्च, तर अजून धरलीच नाहीये. लोन ऑफिसर खोटं बोलत नाहीये, तो फक्त कागदावरचा दर सांगतोय, आणि त्याचं कमिशन मोठ्या कर्जावर मोठं असतं हेही आपलं लक्षात ठेवा.

फ्रेडी मॅक ही बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी संस्था, तिच्या आठवड्याच्या सर्व्हेमध्ये ३० वर्षांचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्क्यांपर्यंत खाली गेला होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ पर्यंत चढला. ज्यांनी त्या तळाच्या आसपास दर पकडला त्यांनी ते कर्ज सोन्याच्या बांगडीसारखं जपावं, मोडायचं नाही.

आता हेलॉक म्हणजे सगळं छान असंही नाही. दर बदलता असतो, प्राइम रेट, म्हणजे बँकांचा मूळ दर, हलला की तुमचा हप्ता हलतो. बहुतेकांकडे पहिली १० वर्षं फक्त व्याज भरायची सोय असते, मग लोकांना वाटतं अरे वा हप्ता किती कमी, आणि अकराव्या वर्षी मुद्दल सुरू झालं की झटका. तुमच्या २ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी फक्त व्याज महिना १,४१७, मुद्दल धरून २० वर्षांत फेडायचं तर १,७३६ च्या आसपास. पहिल्या दिवसापासून १,७३६ च भरा, जमत नसेल तर घर लहान बांधा. दर बदलण्याची धास्ती वाटत असेल तर फिक्स्ड रेटचं होम इक्विटी लोन घ्या, फक्त त्यात सगळे पैसे एकदम हातात येतात आणि बांधकाम सुरू होण्याआधीच व्याज सुरू. हेलॉकमध्ये लागतील तसे काढता येतात, बांधकामाला ते सोयीचं.

इक्विटीचं, म्हणजे घराच्या किमतीतून कर्ज जाऊन उरणाऱ्या तुमच्या वाट्याचं, म्हणाल तर बऱ्याच बँका दोन्ही कर्जं मिळून घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देतात, ९ लाखाचे ८० टक्के ७ लाख २० हजार, त्यातून ४ लाख २० हजार गेले, उरले ३ लाख. तुम्हाला पुरेसे आहेत. ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी घर घेतलंय आणि इक्विटी नाहीये त्यांना हा रस्ता बंद, त्यांनी फॅनी मे या फ्रेडी मॅकसारख्याच संस्थेचं होमस्टाइल किंवा फ्रेडी मॅकचं चॉइसरेनोव्हेशन असलं रेनोव्हेशन लोन बघावं, त्यात एडीयू बांधून झाल्यावर घराची जी किंमत होईल ती धरून कर्ज मिळतं. कागदपत्रं जास्त, पैसे टप्प्याटप्प्याने, इन्स्पेक्शन झाल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. त्यात जुनं कर्ज मोडावं लागतं, पण तुम्ही सातच्या दराने घेतलं असेल तर मोडायला काय जातंय.

एक आगाऊपणाचं बोलू का? आईबाबांसाठी बांधताय हे फार चांगलं आहे. पण मी अशी कितीतरी घरं पाहिलीत जिथे आईबाबा दोन हिवाळे राहिले आणि मग म्हणाले इथे बोलायला कोणी नाही, गाडी चालवता येत नाही, आम्ही आपले पुण्यातच बरे. घर मागे उभं, हप्ता चालू. म्हणून हिशोब पहिल्या राहणाऱ्याचा करू नका, दुसऱ्याचा करा. वेगळं दार, वेगळी पार्किंगची वाट, शक्य असेल तर विजेचा वेगळा मीटर, म्हणजे उद्या भाड्याने द्यायची वेळ आली तर पुन्हा तोडफोड नको. आणि कॅलिफोर्नियात ७५० स्क्वेअर फुटांच्या आत राहिलात तर इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामावर शहर लावतं ते शुल्क, लागत नाही, त्यामुळे उगाच ७८० चा प्लॅन काढू नका. हो, नवीन वेगळं घर बांधलं तर सोलर पॅनल बसवावे लागतात, तो खर्च कोटेशनमध्ये आहे का विचारा, बऱ्याचदा नसतो. प्रॉपर्टी टॅक्सची भीती मात्र नको, प्रॉप १३ या कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे जुन्या घराचं मूल्यांकन तसंच राहतं, फक्त नव्या बांधकामाची भर पडते, त्याचं वेगळं सप्लिमेंटल बिल येतं, एस्क्रोमधून, म्हणजे बँक टॅक्ससाठी हप्त्याबरोबर पैसे जमवते त्या खात्यातून, ते आपोआप भरलं जात नाही बरं का.

आणि त्या कॅलएचएफएच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या घरकर्ज संस्थेच्या, ४० हजारांच्या ग्रँटबद्दल तुम्ही तळटीप लिहिली होती, तिचे पैसे २०२३ च्या डिसेंबरमध्येच संपले. अजून कोणी "मी मिळवून देतो" म्हणत असेल तर त्याला नमस्कार करा आणि दार लावा.

आम्ही दोघं मॅसॅच्युसेट्समध्ये पहिलं घर बघतोय. एका घराच्या तळमजल्यावर रीतसर परमिटवालं एडीयू आहे, भाडं २,००० सहज येईल असं एजंट म्हणतो. आमची मिळून कमाई महिना ९,०००. ते भाडं बँक आमच्या उत्पन्नात धरेल का? धरलं तरच जमतंय.

शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला, पण आधी उत्तर देते.

धरतात, हल्ली धरतात, पण सगळं नाही धरत. एफएचएने, म्हणजे गृहकर्जांना विमा देणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम बदलला, आधीच असलेल्या एडीयूच्या अंदाजे भाड्याचे ७५ टक्के उत्पन्नात धरता येतात. हे भाडं एजंट म्हणतो ते नाही, अप्रेझर, म्हणजे घराचं मूल्य काढणारा, ठरवतो ते, आणि लीज असेल तर दोन्हीपैकी कमी असेल ते. म्हणजे २,००० चे झाले १,५००. वर अजून एक अट, एडीयूचं भाडं एकूण उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त नको. तुमचं १०,५०० पैकी १,५००, तिथे अडचण नाही. तेच जर एडीयू अजून नाहीये आणि २०३-के हे एफएचएचं रेनोव्हेशन लोन घेऊन बांधणार असाल तर ७५ नाही, ५० टक्केच, म्हणजे १,०००. फ्रेडी मॅकमध्ये पण ३० टक्क्यांची तशीच मर्यादा आहे, आणि तुमच्यापैकी कोणालाच घर भाड्याने देण्याचा वर्षभराचा अनुभव नसेल तर लँडलॉर्डचा एक कोर्स करावा लागतो, ऑनलाइन होतो, रविवारी दुपारी बसून संपवा. फॅनी मेच्या होमरेडीमध्येही एडीयूचं भाडं धरायची सोय आहे पण तिथे एरियाच्या मीडियन इन्कमच्या ८० टक्क्यांची उत्पन्नमर्यादा लागते, आपल्याकडची बरीच मंडळी तिथेच बाहेर पडतात, तुम्ही तुमच्या काउंटीचा आकडा बघून घ्या.

एफएचएत ५८० किंवा त्याहून जास्त क्रेडिट स्कोअर असेल तर साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर काम होतं, पण १.७५ टक्क्यांचा मॉर्गेज इन्शुरन्स सुरुवातीलाच लागतो आणि शिवाय दर महिन्याचा वेगळा. स्कोअर चांगला असेल तर आधी कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी विम्याशिवायच्या कर्जाचं, कोटेशन घ्या.

लेंडरला पहिल्याच फोनवर विचारा की हे घर तुम्ही एक युनिट प्लस एडीयू धरताय की दोन युनिटचं. घर तेच, पण त्या एका शब्दाने डाउन पेमेंट, दर, अप्रेझलचा फॉर्म सगळं बदलतं. आणि अप्रेझरला आसपास एडीयूवाली विकली गेलेली घरं सापडली नाहीत तर तो किंमत सावधपणे लावतो, मग तुमच्या ऑफरमधला फरक तुम्हाला खिशातून भरावा लागतो. अप्रेझल कंटिन्जन्सी, म्हणजे किंमत कमी लागली तर माघार घेता येण्याची अट, सोडू नका, एजंट कितीही घाई करू दे.

आता पोटातल्या गोळ्याबद्दल. बँक भाडं धरते म्हणून तुम्ही धरायलाच हवं असं नाही. भाडेकरू गेला, दोन महिने जागा रिकामी, वर वॉटर हीटर फुटला, हे पहिल्या वर्षातच होतं, का कोण जाणे. भाड्याशिवाय निदान सहा महिने हप्ता भरता येईल एवढे पैसे बाजूला असतील तर घ्या. नसतील तर तुमच्याकडे दुसरा एक रस्ता आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २ फेब्रुवारी २०२५ पासून सिंगल फॅमिली झोनमध्ये ९०० स्क्वेअर फुटांपर्यंत किंवा मूळ घराच्या निम्म्यापर्यंत, दोन्हीपैकी जे कमी असेल तेवढं एडीयू हक्काने बांधता येतं, बोस्टन शहर सोडून. म्हणजे आज झेपेल असं साधं घर घ्या, चार वर्षांनी इक्विटी जमली की बांधा. घाई कसली आहे?

लॉस एंजेलिसमध्ये एक घर आवडलंय, गॅरेजचं घर केलेलं आहे पण परमिट नाही. सेलर म्हणतो इथे सगळे असंच करतात.

सगळे करतात हे खरं आहे, पण बँकेच्या कागदावर ते घर नाही, गॅरेजच आहे, तेही मोडलेलं. भाडं उत्पन्नात धरणार नाहीत, अप्रेझर त्याची किंमत क्वचितच लावेल, आणि आग लागली तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न परमिटचा विचारेल. एक गोष्ट मात्र बरी झालीये, १ जानेवारी २०२० च्या आधी बांधलेली अशी विनापरवाना एडीयू नियमित करून घेणं कॅलिफोर्नियाने सोपं केलंय, आरोग्य आणि सुरक्षेचे मोठे दोष नसतील तर शहराला सहजासहजी नाही म्हणता येत नाही. तर सेलरला विचारा कधी बांधलं आणि पुरावा काय, जुनी बिलं, फोटो, काहीही. स्वतःच्या खर्चाने एक बिल्डिंग इन्स्पेक्टर आणून दुरुस्तीचा आकडा काढा आणि तो किमतीतून वजा करून ऑफर द्या. सेलर एडीयूची किंमत मागत असेल तर त्यालाच म्हणा की तूच परमिट काढ आणि मग विक.

बाबा कोथरूडचा फ्लॅट विकून आम्हाला एडीयूसाठी पैसे द्यायचं म्हणतायत, साधारण दीड लाख डॉलर होतील. टॅक्स लागेल का? ते भारतातच राहतात, इथे फक्त येऊन जाऊन असतात.

बाबांना सांगा फार मोठं मन आहे तुमचं, आणि मग ही चार कामं करा.

भारतातून पैसे पाठवायची मर्यादा एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर, त्यामुळे एकट्या बाबांच्या मर्यादेत बसतंय, जास्त लागले तर एक हप्ता मार्चमध्ये आणि एक एप्रिलमध्ये पाठवला की दोन वर्षांत विभागला जातो. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापून घेते, घाबरू नका, तो खर्च नाही, बाबांच्या रिटर्नमध्ये वळता होतो नाहीतर रिफंड येतो. पण तोपर्यंत रोख अडकते हे बांधकामाच्या वेळापत्रकात धरा. फ्लॅटवरचा कॅपिटल गेन टॅक्स तिथे वेगळा, तो त्यांच्या सीएला विचारा.

इकडे तुम्हाला त्या पैशावर टॅक्स नाही. पण परदेशातल्या व्यक्तीकडून वर्षात १ लाख डॉलरच्या वर गिफ्ट आलं की फॉर्म ३५२० भरावाच लागतो, आणि आई आणि बाबा वेगवेगळे पाठवतायत म्हणून मर्यादा दुप्पट होत नाही, नात्यातल्यांची रक्कम एकत्र धरतात. फॉर्म राहिला तर दंड महिन्याला ५ टक्के, २५ टक्क्यांपर्यंत. दीड लाखावर म्हणजे साडेसदतीस हजार डॉलर, टॅक्स शून्य असताना! टर्बोटॅक्स मारून मोकळे होणाऱ्यांचं हमखास इथेच राहतं, हा फॉर्म वेगळा, पोस्टाने जातो.

सोबत कर्ज पण काढणार असाल तर लेंडरला गिफ्ट लेटर लागतं, त्यात हे पैसे परत द्यायचे नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं. म्हणून घरात "बाबा हळूहळू फेडू आपण" असं ठरलं असेल तर ते गिफ्ट नाही, कर्ज आहे, आणि ते कर्जात दाखवावं लागतं. शेवटचं म्हणजे तुमच्या भावाला किंवा बहिणीला हे माहीत आहे का? फ्लॅट विकल्यावर कळण्यापेक्षा आधी फोनवर कळलेलं बरं असतं, हे मी फायनान्सचं नाही सांगते.

आईवडील राहत नसतील तेव्हा भाड्याने द्यायचा विचार आहे. टॅक्सचं थोडक्यात सांगाल?

आईवडील फुकट राहिले तर ते दिवस तुमच्या वैयक्तिक वापराचे, भाडेकरू राहिला ते दिवस धंद्याचे, खर्च त्या प्रमाणात विभागायचा. नातेवाइकाला बाजारभावापेक्षा कमी भाड्याने दिलं तरी ते वैयक्तिकच. भाडं टॅक्स रिटर्नच्या शेड्युल ई या फॉर्मवर दाखवायचं, बांधकामाचा खर्च साडेसत्तावीस वर्षांत डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा, म्हणून वजा होतो. हेलॉकचं व्याज वजा होतं ते पैसा त्याच घराच्या बांधकामात गेला असेल तरच, त्यातून गाडी घेतलीत तर त्या भागाचं नाही. आणि घर विकताना जोडप्याला ५ लाखांपर्यंतचा नफा करमुक्त मिळतो तो तुम्ही राहता त्या घराचा, भाड्याने दिलेल्या वेगळ्या एडीयूच्या वाट्याचा नाही, शिवाय घेतलेल्या डेप्रिसिएशनवर २५ टक्क्यांपर्यंत टॅक्स परत द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात एअरबीएनबीचा विचार असेल तर आधी शहराचे नियम बघा, राज्याच्या कायद्याखाली झटपट मंजूर झालेल्या एडीयूला ३० दिवसांपेक्षा कमी भाड्याने देता येत नाही.

टेक्सासमध्ये आमची एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, एडीयूला नाही म्हणते. कॅलिफोर्नियातली चुलत बहीण म्हणते की तसं म्हणताच येत नाही.

बहिणीचं तिच्या राज्यापुरतं बरोबर आहे. तिथे कायद्यानेच सिंगल फॅमिली प्लॉटवर एचओएला बंदी घालता येत नाही. तुमच्याकडे तो कायदा नाही, एचओएचे कागद हाच कायदा. कर्जाचा अर्ज नंतर, आधी ते लिखित मागवा.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ३० टक्के अ‍ॅडव्हान्स दिल्याशिवाय लाकूड मागवत नाही. आम्ही फ्रीमाँटला आहोत. चांगला वाटतो माणूस, मराठी बोलतो थोडं थोडं.

मराठी बोलतो म्हणून ३० टक्के? कॅलिफोर्नियात घराच्या कामाला कॉन्ट्रॅक्टरला अ‍ॅडव्हान्स घेता येतो तो कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, दोन्हीपैकी जे कमी असेल तेवढाच. म्हणजे तुमच्या केसमध्ये १,०००. बाकीचे काम होईल तसे. एवढा साधा नियम त्याला माहीत नसेल तर प्रश्न आहे आणि माहीत असून मागत असेल तर मोठा प्रश्न आहे. राज्याच्या लायसन्स बोर्डाच्या साइटवर त्याचा नंबर टाका, लायसन्स चालू आहे का, बाँड आहे का, कामगारांचा विमा आहे का, दोन मिनिटांचं काम. आणि प्रत्येक पेमेंटच्या वेळी त्याच्याकडून आणि त्याच्या सबकॉन्ट्रॅक्टरकडून लीन वेव्हर, म्हणजे पैशांसाठी तुमच्या घरावर दावा लावणार नाही असा कागद, सही करून घ्या, नाहीतर तुम्ही त्याला दिलेत, त्याने प्लंबरला दिले नाहीत, आणि प्लंबर तुमच्याच घरावर लीन टाकतो. हे आमच्या ओळखीत झालंय, त्या बाईने बाथरूमचे पैसे दोनदा भरले.

फॅक्टरीत बनवून आणायचं प्रीफॅब असेल तर पेमेंटचं वेळापत्रक वेगळं असतं, फॅक्टरीला पैसे आधी हवे असतात आणि बांधकामाचं कर्ज टप्प्याने सुटतं, तिथे बरेच जण अडकतात. हेलॉक असेल तर हा त्रास कमी. पण तुमचं तर साइटवर बांधायचंय ना? मग त्याला चहा पाजा, हजाराचा चेक द्या, आणि लाकूड येतं का बघा.